काचेवरची वळवळ

ब्रश तोंडात तसाच धरून ती काचेजवळ वाकली. टाकीतल्या दिव्याच्या उजेडात, काचेच्या आतल्या बाजूला, शिवणीचा दोरा तुटून चिकटावा तसं काहीतरी पांढरं होतं. दोरा असता तर हललं नसतं. हे हललं. आधी एक टोक उचललं गेलं, आंधळ्याने भिंत चाचपावी तसं पाण्यात इकडेतिकडे फिरलं, मग सबंध अंगाला पीळ देऊन ते पुन्हा काचेला चिकटून बसलं. त्याच्या शेजारी दुसरं होतं. आणि डोक्यात एक ऊ सापडली की मग सगळं डोकंच हलायला लागतं, तसे ते तिला जिकडेतिकडे दिसायला लागले. खड्यांच्या फटीत, पाणगवताच्या देठांवर, पाणी गाळणाऱ्या नळीच्या तोंडाशी. केसाइतके बारीक, तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते न कळणारे. मासे त्यांच्यामधूनच निवांत फिरत होते. तिच्या तोंडातला फेस हनुवटीवर ओघळला तेव्हा ती भानावर आली आणि मोरीकडे धावली. चूळ भरताना उगाचच पाण्याकडे निरखून पाहिलं. मग दुसरी चूळ भरली.

नवरा मोजे चढवत होता. छापखान्यात त्याची सकाळची पाळी होती आणि सकाळच्या पाळीला तो अर्धवट झोपेतच बोलायचा. “किडे आहेत,” तो काचेला नाक लावून म्हणाला.

“ते मलाही दिसतंय. पण कसले?”

“आता ओळखपत्र मागू का त्यांना?”

“खारू हात घालते रे त्यात. आणि मग तोच हात तोंडात.”

“मग हात धू तिचे. आपण लहानपणी माती खाल्ली, मेलो का?” त्याने बूट शोधले, डबा उचलला, झोपलेल्या खारूच्या टाळूवर ओठ टेकले आणि गेला. त्याचं काही चुकलं होतं असं नाही. पण कसले, या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही की तिच्या पोटात काहीतरी लोंबकळत राहायचं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, दिवसभर माणसांच्या नाकावर भिंगं बदलत विचारायची, हे स्पष्ट दिसतं की हे? आणि लोक कधीतरी हमखास म्हणायचे, हे. जगात प्रत्येक धूसर गोष्टीसाठी एक भिंग असतं, नुसतं सापडलं पाहिजे, अशी तिची आपली एक समजूत होऊन बसली होती. तिने फोन काचेला लावून फोटो काढले. फोटोत ते किडे मोठे दिसले, पण जास्त कळले नाहीत.

टाकी बाबांची होती. खारू झाल्यावर हिची रजा संपत आली आणि आता मुलीला कुठे ठेवायचं म्हणून घरात बारीक कुरबुरी सुरू झाल्या, तेव्हा बाबा एक दिवस न सांगता टेम्पोतून उतरले. एक बॅग, एक घडीची खुर्ची आणि मांडीवर निम्मं पाणी राखलेली ही टाकी. “नातीला परक्याकडे ठेवायचं नाही,” दारातच म्हणाले. “मी अजून जिवंत आहे.” आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली होती. ती लहान असताना कधीकधी संध्याकाळी त्यांच्याबरोबर शेवटच्या फेरीला जायची. सगळी मुलं उतरली की ते गाडी बंद करायचे आणि हातातली किल्ली वाजवत पार मागच्या बाकापर्यंत चालत जायचे, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचे. बस रिकामी आहे हे आरशात दिसत असूनही. एकदा तिने विचारलं होतं, कशाला बघता, कुणी नाहीये. ते म्हणाले होते, झोपलेलं मूल आरशात दिसत नाही. टाकीतल्या माशांनाही त्यांनी बसमधल्या मुलांसारखीच नावं ठेवली होती. तळाशी काच चाटत बसणारा काळा तो मॉनिटर, शेपटी फाटलेली ती रडूबाई, खाणं टाकलं की सगळ्यांत शेवटी पोचणारा तो उशिरा. घरात मग एक रीतच पडली, आधी मासे जेवणार, मग आपण. बाबा चिमटीने खाणं टाकायचे, खारू त्यांच्या कडेवरून “मम” म्हणायची, आणि मगच सगळे ताटावर बसायचे. ती कामावरून आली की घर जागच्या जागी असायचं. दुकानातल्या बाकीच्या बाया पाळणाघराची रडगाणी गायच्या तेव्हा ही गप्प बसायची. आपलं सुख बोलून दाखवलं की त्याला दृष्ट लागते, असं आई म्हणायची. आईचं बाकी काही पटायचं नाही, एवढं मात्र हिने धरून ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तिने पदर खोचला. बाबा खारूला घेऊन बागेत गेले होते. तिने मासे बादलीत काढले, टाकीतलं सगळं पाणी ओतून दिलं, काच घासली, खडे चाळणीत घेऊन धुतले आणि तरी हाताला बुळबुळीत लागतात म्हणून मोठ्या पातेल्यात उकळले. गाळणीचा स्पंज पिळला तर त्यातून काळपट गाळ निघाला, त्याचा वास ओल्या पाचोळ्यासारखा. तिला शिसारी आली. तोही उकळत्या पाण्यात टाकला आणि चमच्याने दाबून धरला. ज्या गॅसवर वर्षभर ती खारूच्या बाटल्या उकळत आली होती तोच गॅस, तेच पातेलं, तसेच बुडबुडे. बाटल्या उकळताना तिला नेहमी एक शांती वाटायची. जगात काय काय आहे ते आपल्या हातात नाही, पण या पातेल्यातलं तरी मेलं. खारू महिन्याची असताना, दुधाने स्तन ठणकत असताना, डोळे मिटत असताना ती या बुडबुड्यांकडे बघत उभी राहायची आणि पुटपुटायची, मर, मर, मर. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. आताही तेच पुटपुटली. मग टाकी पुन्हा लावली, ताज्या पाण्याने भरली. पाणी इतकं नितळ होतं की मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. बाबा परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “वा. अगदी नवी शाळा.”

पुढचे दोन दिवस मासे वर येऊन तोंडं उघडी टाकत राहिले. तिला वाटलं भूक. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर बहुतेक सगळे पोट वर करून तरंगत होते, रडूबाईची फाटकी शेपटी गाळणीच्या नळीला ओढली जाऊन लपलप हलत होती. बाबा आत पडले होते, खारू त्यांच्या कुशीत झोपली होती. तिने चहाच्या गाळणीने एकेक काढला, कागदात गुंडाळला आणि खाली नेऊन टाकला. पाठीमागे कुणी लागल्यासारखी भराभर. एकटा मॉनिटर तळाशी काचेला तोंड लावून होता. आता बाबा उठतील, बघतील, विचारतील. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. बाबा उठले, टाकीसमोर बसले, बराच वेळ बसले. काही बोलले नाहीत. जेवायच्या वेळी उठून चिमटीने खाणं टाकलं, नेहमीइतकंच. माझ्या हातून चूक झाली आणि हे मोठ्या मनाने तोंडातून अवाक्षर काढत नाहीत, तिला वाटलं. लहानपणी त्यांची काचेची बरणी तिच्या हातून फुटली होती तेव्हाही ते असेच काही बोलले नव्हते, नुसता झाडू आणून दिला होता. ती त्या रात्री नवऱ्याला म्हणाली, “बाबांसारखा माणूस शोधून सापडणार नाही.” नवरा म्हणाला, “मग शोधतेस कशाला, आहेत ना आयते,” आणि कूस बदलून झोपला.

आठवड्याने किडे परत आले. आधीपेक्षा जास्त. तिने मासेवाल्याचं दुकान गाठलं. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता, दोन्ही बाजूंना टाक्या, आणि टोकाला बनियनवर बसलेला मालक. त्याने फोटो लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले.

“नाव काय यांचं?” तिने विचारलं.

“नाव कुणाला ठाऊक, ताई. दहा जातीचे असतात, फोटोत सगळे सारखे. मी आपला किडे म्हणतो. चावत नाहीत, पोटात जात नाहीत, गेले तरी राहत नाहीत.” मग स्पंजाचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. “उकळलात? अहो, तो काय लंगोट आहे का? त्या गाळातच पाणी स्वच्छ राखणारे जीव असतात. ते मेले, मासे मेले. किड्यांना काय, ते पुरून उरतात.”

“मग करू काय?”

“खाणं कमी करा. उरलेलं कुजतं, त्यावर हे माजतात. घरात कुणाचा तरी हात सैल आहे.”

बाहेर रस्त्यावर येताना तिला बरं वाटलं होतं. कारण सापडलं होतं. हात सैल, बाबांचाच, दुसरा कुणाचा. लाड, दुसरं काय. घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, माशाला जरा कमी टाका हं. जास्त होतंय.” “मी सकाळी एकदा टाकतो आणि रात्री एकदा,” बाबा म्हणाले. “तेही चिमूटभर. विचार खारूला.” खारूने मान डोलावली, कारण ती सध्या सगळ्यालाच मान डोलवायची.

मग खारूला बारीक ताप आला आणि ती दुकानात कळवून घरी राहिली. कामाच्या वारी अशी दिवसभर घरी ती बऱ्याच दिवसांत राहिली नव्हती. स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती, मधलं दार उघडं होतं, खारू चटईवर पेंगत होती. बाबा खुर्चीतून उठले, डबी घेतली, चिमटीने खाणं टाकलं, “चला, रांगेत या” म्हणाले, डबी ठेवली, खुर्चीत बसले. तिला हसू आलं. भाजीच्या दोन जुड्या झाल्या नसतील, बाबा पुन्हा उठले. डबी घेतली. “अजून उपाशीच आहेस की रे बाबा,” मॉनिटरला म्हणाले, त्याच मायेने, आणि टाकलं. “चला, रांगेत या.” खुर्चीत बसले. तिच्या हातातली देठं हातातच राहिली. आपण पाहिलं ते मघाचंच, मनात पुन्हा फिरलं, असं तिला क्षणभर वाटलं. ताप खारूला नाही, मलाच आहे. ती बघत राहिली. बाबांनी पेपर उघडला, मिटला. उठले. डबी घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, गोंधळ नव्हता. दिवसातलं पहिलं काम करणाऱ्या माणसाचा ताजेपणा होता. खाणं पाण्यावर पसरलं, आधीच्या थरावर बसलं, जड होऊन खाली गेलं. तळाच्या खड्यांमधून पांढरे धागे वर आले. मासे मेल्याचं बाबा बोलले नव्हते. ते काही मोठं मन नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं की तिथे कुणी होतं.

आणि मग ती ताडकन उठली, भाजी सांडली, कारण तापाच्या औषधाची बाटली काल तिने बाबांच्या हातात देऊन सांगितलं होतं, दुपारी एकदा पाजा. एकदा. ती फळीवरची बाटली उजेडात धरून बघायला लागली. बाटली भरलेली होती. सीलसुद्धा तुटलं नव्हतं.

“बाबा, काल औषध पाजलंत?”

“हो तर. दुपारीच. शहाण्यासारखी प्यायली.”

“बाटली फोडलेलीच नाही.”

बाबांनी बाटली घेतली, झाकण फिरवून पाहिलं. ते लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण होतं. त्यांनी फिरवलं, फिरवलं, ते नुसतं टकटक वाजत राहिलं. “हां,” ते म्हणाले. “उघडत नव्हतं.” मग तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच काहीतरी सटकलं, बसच्या पायरीवरून अंधारात पाय टाकावा आणि जमीन लागू नये तसं. “मग मी काय पाजलं गं तिला?”

काही नाही, बाबा. काहीच पाजलं नाही. तिने हे दोनतीनदा सांगितलं, एकदा त्यांना आणि बाकीच्या वेळा स्वतःला. ज्या झाकणावर चिडून ती दर वेळी शिव्या द्यायची त्या झाकणापाशी आता ती हात जोडल्यासारखी उभी होती. मग एकेक गोष्ट उलटी होऊन अंगावर यायला लागली. खारूला मध्येच उलट्या व्हायच्या, दात येतायत म्हणून सोडून दिलं होतं. कधी संध्याकाळी आल्या आल्या वखवखून दुधावर तुटून पडायची, तर बाबा म्हणायचे, आत्ताच तर जेवली, आईला बघून नखरे. ती कौतुकाने हसायची. पोर बोलत नव्हती, मासे बोलत नव्हते. त्या वळवळणाऱ्या घाणीने तेवढं काचेवर येऊन सांगितलं, आणि तिने ते उकळून टाकलं होतं.

दादाला फोन केला. दादा म्हणजे थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात, सगळ्या गोष्टींवर तोडगा असलेला. “अगं, वय झालं. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, मला काय झालंय का?”

“दादा, चष्मा वेगळा. खारू आहे त्यांच्यापाशी.”

“मग बाई ठेव वरकामाला. आणि हे बघ, तुलाच सोय हवी होती म्हणून ते तिकडे आले. आता नको झाले का?” मागून वहिनीचा आवाज आला, “आपल्याकडे जिने आहेत म्हणावं.” दादा म्हणाला, “आमच्याकडे जिने आहेत.” ती म्हणाली, “ऐकलं.” मग ती बाबांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांना आजचा वार विचारला, चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी घड्याळ फार सुरेख काढलं, फक्त काटे काढले नाहीत. या आजाराचेही बरेच प्रकार असतात, डॉक्टर म्हणाले, नेमका कुठला ते सांगता येणं अवघड. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी काय होईल असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी फार सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. भिंतीवर ससे रंगवलेले, फिनेलचा वास, आणि चालवणाऱ्या मावशींचा आवाज एकाच वेळी चार मुलांना पुरेल असा. पहिल्या सकाळी तिने खारूचे बूट हातात घेतले आणि बाबांनी विचारलं, “ही कुठे चालली?” ती काहीतरी थाप मारणार होती. पण बाबा खुर्चीत इतके ताठ बसले होते की थाप तोंडातून निघाली नाही. ती त्यांच्या पायाशी बसली, सगळं सांगितलं. डबी, मासे, बाटली. बाबा ऐकत होते. त्यांचे ओठ आत ओढले गेले, हात गुडघ्यांवर एकमेकांना शोधत राहिले. मग ते म्हणाले, “बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.” आणि थोड्या वेळाने, “तुला किती जड गेलं असेल.” ती रस्त्याने रडत गेली, खारू कडेवरून तिच्या गालाचं पाणी बोटाने पुसून चाटत होती.

दुसऱ्या सकाळी बाबांनी विचारलं, “ही कुठे चालली?”

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा ओठ आत गेले, हात शोधत राहिले. घाव कालच्याइतकाच ताजा, नवा. “बरं केलंस,” ते म्हणाले. “तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. तुला किती जड गेलं असेल.” शब्दही तेच. नवरा म्हणाला, “सांगू नकोस की रोज. म्हण, फिरायला चाललोय. कशाला त्या म्हाताऱ्या जिवाला रोज फासावर चढवतेस?” त्याचं खरं होतं. तिला ते कळत होतं. पण सकाळ झाली, बूट हातात आले आणि बाबांनी विचारलं की ती खाली बसायची आणि सांगायची. आधी तिला वाटलं, खोटं बोलवत नाही म्हणून. मग एके दिवशी डोळे तपासताना, समोरचा माणूस हे की हे याच्यात अडकून बसला असताना, तिच्या लक्षात आलं की आपण त्या ‘बरं केलंस’साठी त्यांच्या पायाशी बसतो. त्यांना दुखवून आपण रोज तेवढं घेऊन येतो. त्यांच्याकडे आता देण्यासारखं तेवढंच उरलं होतं आणि ती तेही सोडत नव्हती. उद्यापासून नाही सांगायचं, तिने ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मॉनिटरही गेला तेव्हापासून, टाकी रिकामी करू या, असं नवरा अधूनमधून म्हणायचा. खाण्याची डबी तिने कपाटावर ठेवून दिली होती. बाबा समोर बसायचे आणि त्यांचे डोळे काचेवरच्या धाग्यांबरोबर फिरायचे. मासे होते तेव्हा फिरायचे तसेच.

एका सकाळी तिने खारूला स्वेटर घातला, डबा पिशवीत टाकला, बूट हातात घेतले. बाबा खुर्चीत होते. तिने एक बूट चढवला. दुसरा चढवला. खारू दाराशी गेली आणि कडी वाजवायला लागली. “चल,” ती म्हणाली, पण जागची हलली नाही. पुन्हा वाकून तिने बुटाचा बंद सोडला आणि नव्याने बांधला. बाबा तिच्याकडेच बघत होते, प्रसन्न, स्वच्छ दाढी केलेले.

“बाबा,” ती म्हणाली. “विचारा ना.”

“काय विचारू?”

“ही कुठे चालली, ते.”

“ही कुठे चालली?” बाबांनी विचारलं, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलासारखं.

“पाळणाघरात. तुमच्याकडून आता होत नाही ना, बाबा, म्हणून.” तिचा आवाज चिरकला. ती थांबून राहिली, जमिनीवर एक गुडघा टेकून, त्यांच्या ओठांकडे बघत. ओठ आत गेले नाहीत.

“असं का,” बाबा म्हणाले. प्रवासात शेजारच्या अनोळखी बाईने आपण कुठे उतरणार ते सांगावं आणि आपण मान हलवावी, तशी त्यांनी मान हलवली. “जवळ आहे का?”

“जवळच आहे.”

“बरं,” ते म्हणाले, आणि बाईंना जायला वाट व्हावी म्हणून पाय खुर्चीखाली ओढून घेतले.